भिक्षुसंघाने वस्ती कोठे केली? : शहापूर-मुरबाडच्या वाटांवरून एक विचार

समविचारी व अध्ययनशील माणसांनी एकत्र राहावयाचे ठरविल्यास त्यांनी वस्ती कोठे करावी, हा प्रश्न प्राचीन आहे. पश्चिम भारतात बौद्ध भिक्षुसंघाने त्याचे उत्तर खडकात कोरून ठेवले आहे. या उत्तराचा विचार कान्हेरी, जुन्नर वा नाशिक येथून सुरू करण्याची प्रथा आहे. प्रस्तुत टिपणात तो या स्थानांच्या मधल्या प्रदेशापासून, म्हणजे ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांपासून, करावयाचा आहे. संघाने जेथे मोठी वस्ती केली नाही ती भूमीही त्याच्या निवडीविषयी काही सांगते, असे आम्हांस वाटते.

सोपारा व कल्याण ही सातवाहनकाळातील प्रसिद्ध व्यापारकेंद्रे होत. कल्याणहून घाटमाथ्याकडे जाणाऱ्या वाटांपैकी दोन येथे विचारात घ्यावयाच्या आहेत. एक मुरबाडवरून वैशाखऱ्यास येऊन नाणेघाटाने जुन्नरला पोहोचते. दुसरी शहापूर-कसाऱ्यावरून थळघाट चढून प्राचीन गोवर्धन, म्हणजे नाशिकच्या परिसरात, उतरते. नाणेघाटातील नागनिकेच्या कोरीव लेखात अश्वमेध, राजसूय आदी यज्ञांचे व त्यांतील दक्षिणांचे वर्णन आहे. त्याचा संघाशी संबंध नाही. यावरून वाट सर्वांची होती, संघाने ती केवळ उपयोगात आणली, एवढे निश्चित म्हणता येते.

निवासाविषयी संघाची अपेक्षा विनयपिटकात स्पष्ट आहे. राजगृहात बिंबिसाराने बुद्धाला वेळुवन अर्पण केले, त्या प्रसंगी राजाच्या मनातील विचार महावग्गात नमूद आहे. त्याचा आशय असा की, जागा गावाला खेटून नसावी आणि फार लांबही नसावी; लोकांना तेथे येणे-जाणे सुकर असावे; दिवसा गर्दी व रात्री गलबला नसावा. म्हणजे संघाला हवा होता तो अरण्यातील निखळ एकांत नव्हे. नगराशी संबंध ठेवूनही चित्त स्थिर राहील असे अंतर त्याला हवे होते.

या कसोटीवर घाटमाथ्यावरील स्थाने चोख उतरतात. जुन्नरची दीडशेहून अधिक लेणी लेण्याद्री, शिवनेरी, तुळजा व मानमोडी अशा नगराभोवतीच्या डोंगरांत विखुरलेली आहेत. नाशिकचा त्रिरश्मी पर्वतही नगराबाहेर, परंतु सहज पोहोचण्याजोग्या अंतरावर आहे. उलट घाटाखालच्या पट्ट्यात मुरबाड तालुक्यातील सोनावळे, भिवंडीजवळील लोनाड असे लहान समूह आढळतात. जुन्नरच्या तोडीची वस्ती आढळत नाही. खडकाचा अभाव हे याचे कारण असू शकत नाही. माहुली व सिद्धगड हे डोंगर त्याच काळ्या पाषाणाचे आहेत.

खरे कारण आमच्या मते दोन गोष्टींत शोधावे लागेल. पहिली, रोजची भिक्षा. शेकडो भिक्षूंना अन्न पुरवील अशी दाट व संपन्न वस्ती या अरण्यपट्ट्यात असण्याचा संभव कमी होता. दुसरी, वर्षावास. पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूने एका ठिकाणी राहावे असा नियम आहे, आणि नेमक्या याच काळात घाटपायथ्याला मुसळधार पाऊस कोसळून व्यापारी तांड्यांची ये-जा थांबत असली पाहिजे. तांड्यांच्या आधाराने राहणाऱ्याची येथे उपासमार झाली असती. नगराच्या आधाराने राहणाऱ्याचा निभाव लागला.

नगराचा आधार म्हणजे काय, हे नाशिक येथील उषवदाताच्या लेखावरून कळते. नहपानाच्या या जावयाने वर्ष ४२ मध्ये गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा १ या व्याजाने कायम ठेव म्हणून ठेवले. वर्षाचे व्याज २४० होते. त्यातून वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळावयाचे होते. भोजनासाठी त्याने ४००० कार्षापणांस विकत घेतलेले शेत दिले. अशी योजना जेथे श्रेणी, बाजार व शेती आहे तेथेच शक्य असते. जुन्नरच्या लेखांतही धान्यव्यापारी, कासार व बुरूड यांच्या श्रेणी भेटतात. तीन यवन दातेही भेटतात.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी लेणी व व्यापारमार्ग यांचा संबंध आग्रहाने मांडला, तो मूलतः मान्य करावा लागतो. मात्र 'मार्ग' हा शब्द अधिक काटेकोरपणे वापरला पाहिजे. केवळ मार्ग पुरेसा असता, तर मुरबाड व शहापूर येथे मोठे विहार उभे राहिले असते. संघाने मार्गाची दोन टोके निवडली.

या निवडीची किंमतही होती. ज्याच्या आधाराने एकांत मिळाला, त्याच्या भाग्याशी संघाचे भाग्य बांधले गेले. जुन्नरची भरभराट तिसऱ्या शतकानंतर ओसरली. कान्हेरीला मात्र नवव्या शतकातील शिलाहारांच्या काळापर्यंत दाते लाभत राहिले. कोणत्याही विद्याव्रती समूहाने वस्तीची जागा निवडताना शांततेइतकाच, ही शांतता कोणाच्या श्रमावर व किती काळ टिकणार, हा विचार करणे आवश्यक आहे.

येथे एक मर्यादा मान्य केली पाहिजे. लाकडाचे वा विटांचे विहार नष्ट होतात, लेणी टिकतात. तेव्हा घाटपायथ्याची रिक्तता काही अंशी आभासीही असेल. तिची परीक्षा गावोगाव हिंडून, जुनी टाकी, विटांचे ढीग व मोडक्या पायऱ्या नोंदवूनच होईल. शहापूर तालुक्यातील तानसा व भातसा जलाशयांखाली बरीच भूमी गेली आहे आणि २०२५ मध्ये पूर्ण झालेल्या समृद्धी महामार्गानेही तेथील जमीन उकरली आहे. कल्याण-वैशाखरे व शहापूर-कसारा या दोन पट्ट्यांचे पायी सर्वेक्षण पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घ्यावे. हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही.