अक्षरांची काटकसर



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले की तो बोनसवर किंवा महागाईभत्त्यावर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज मी एका घरगुती खेळावर बोलणार आहे. पण थोडे ऐकून घ्या. हा खेळ वाटतो तितका पोरकट नाही, आणि त्यातील डाव आपल्यापैकी कित्येकांच्या घरादारावर पडलेला आहे.

खेळ बहुतेकांना ठाऊक असेल. चिठ्ठीवर एक आकडा आणि काही आद्याक्षरे लिहायची. समोरच्याने त्यावरून पुरते शब्द ओळखायचे. ‘इं. ७ रं.’ म्हणजे इंद्रधनुष्याचे सात रंग. ‘म. १८ प.’ म्हणजे महाभारताची अठरा पर्वे. ‘रु. १६ आ.’ अशी चिठ्ठी निघाली की घरातली वडीलधारी माणसे चटकन ‘रुपयाचे सोळा आणे’ म्हणतात आणि नातवंडे तोंडाकडे पाहत राहतात. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले. आणे व्यवहारातून गेले, ते म्हणींत तेवढे उरले. ‘१२ ब.’ ही चिठ्ठी खेड्यातून आलेला माणूस सोडवतो, कारण बारा बलुतेदार त्याने ऐकलेले असतात. शहरात वाढलेला मुलगा अडतो.

इंग्रजीतही हा खेळ आहे. मॉर्गन वर्दी या अमेरिकन ग्रंथकाराने १९७५ साली आपल्या पुस्तकात अशी कोडी घातली. १९८१ मध्ये विल शॉर्ट्झ यांनी ‘गेम्स’ मासिकात त्याच धर्तीची कोडी छापली आणि लोकांनी त्यांच्या नकला काढकाढून कचेऱ्यांतून वाटल्या.

या खेळाचे मर्म एवढेच की अर्थ चिठ्ठीवर नसतो. तो ओळखणाऱ्याच्या डोक्यात अगोदरच असावा लागतो. चिठ्ठी केवळ आठवण देते. ज्याला मुळातच ठाऊक नाही, त्याने ती दिवसभर न्याहाळली तरी उत्तर सापडायचे नाही. खेळात फार तर एक गुण जातो. ही चिठ्ठी सरकारी किंवा सावकारी कागद झाली म्हणजे काय जाते, हे इतिहासाला विचारावे.

आपल्याकडे अक्षरांची काटकसर जुनी आहे. मोडी कागद पाहिले तर पानोपानी संक्षेप आढळतात. मौजेचे नुसते ‘मौ’, तर्फेचे ‘ता’. हिजरी महिन्यातली चंद्राची तारीख सांगायची तर आधी ‘छ’ हे एकच अक्षर. याला कारण होते. कागद महाग, लेखणी बोरूची, आणि तेच ते शब्द दिवसातून शंभरदा लिहायचे. हात न उचलता भरभर लिहिता यावे म्हणूनच तर मोडीचे वळण. आपल्या चिंचवडच्या देवांना मिळालेल्या इनामांच्या सनदा असोत की पेशवे दप्तरातले रुमाल असोत, ते वाचायचे तर लिपी येऊन भागत नाही; संक्षेपही यावे लागतात. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, तेव्हा कुठे त्यांतला काही भाग सामान्य वाचकाच्या हाती आला.

घरगुती पत्रांतही हीच रीत होती. ‘सा. न. वि. वि.’ या चार अक्षरांत साष्टांग नमस्कार विनंती विशेष मावत असे. ‘ती.’ पाहिले की पत्र वडिलधाऱ्यांना, ‘चि.’ पाहिले की धाकट्यांना, ‘ता. क.’ दिसले की काही सांगायचे राहून गेले होते, हे कळे. लिहिणारा आणि वाचणारा एकाच घरचे. दोघांनाही पुरते शब्द पाठ, म्हणून अर्धे लिहून भागे. अशा संक्षेपात आपलेपणा असतो, त्याबद्दल माझी मुळीच तक्रार नाही.

तक्रार आहे ती दुसऱ्या जातीच्या संक्षेपाबद्दल. लिहिणारा एका बाजूचा, अंगठा उठविणारा दुसऱ्या बाजूचा, आणि मधल्या अक्षरांचा अर्थ एकालाच ठाऊक, असे झाले की डाव बरोबरीचा राहत नाही. कुळकर्ण्याच्या आणि कचेरीतल्या कारकुनाच्या लेखणीपुढे शेतकरी कसा नाडला जातो, हे महात्मा जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मांडले, ते याच कारणाने.

त्याच्याही आधी एक प्रसंग घडला. १२ मे १८७५ रोजी आपल्याच पुणे जिल्ह्यातील सुपे गावी, बाजाराच्या दिवशी, शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. या दंगलीत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बहुतेक ठिकाणी लोकांचा रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. कर्जरोखे आणि खातेवह्या द्या, अशी त्यांची मागणी. हाती आल्या की त्या जाळल्या. जो कागद वाचता येत नाही, पण ज्याच्या जोरावर जमीन जाते, त्याच्याशी भांडायचा दुसरा मार्ग त्यांना ठाऊक नव्हता.

सरकारलाही यातले मर्म उमगलेले दिसते. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्यात गावोगाव निबंधक नेमण्याची तजवीज होती. शेतकऱ्याचा दस्त या निबंधकापुढे लिहिला जावा, मोठ्याने वाचला जावा, आणि अंगठा देणाऱ्याला तो समजला अशी निबंधकाने खात्री करून घ्यावी, असे ठरले. कायद्याने सावकारी संपली नाही, हे खरे. पण ‘सही आहे’ एवढ्याने भागत नाही, ‘समजले आहे’ हेही पाहिले पाहिजे, हे तत्त्व त्यात आले.

आता आपल्या पट्ट्याकडे येऊ. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि गावाच्या तोंडी ‘एच. ए.’ ही दोन अक्षरे बसली. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. त्याला पुरत्या नावाने कोण हाक मारतो? ‘एमआयडीसी’ हा आता मराठी शब्दच झाला आहे. टेल्कोचे नाव २००३ साली बदलले, तरी जुना कामगार अजून ‘टेल्कोत होतो’ असेच सांगतो. पुढे हा पट्टा भोसरीवरून चाकणपर्यंत पोहोचला. ज्या चाकणच्या किल्ल्याने १६६० साली शाएस्ताखानाला ५६ दिवस झुंजविले, त्याच्या परिसरातल्या कांद्याच्या आणि ज्वारीच्या शेतांत कारखान्यांच्या भिंती उभ्या राहिल्या.

शेत जाऊन कारखाना येतो तेव्हा मध्ये एक कागद असतो. त्या कागदाचे नावच मुळी संक्षेप आहे: सातबारा. गाव नमुना सात म्हणजे जमिनीवरील हक्कांची नोंद, आणि नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. दोन आकडे जोडून मराठी शेतकऱ्याने आपल्या अस्तित्वाचे नाव तयार केले. पण या कागदाच्या आत आणखी बारीक अक्षरे असत, तिकडे लक्ष वेधायचे आहे. नावापुढे ‘ए. कु. मॅ.’ असे लिहिलेले कित्येकांनी पाहिले असेल. त्याचा अर्थ एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे थोरल्या भावाचे नाव लागले आहे ते कुटुंबाचा व्यवस्थापक म्हणून. जमीन साऱ्या भावंडांची आहे. तसेच ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. वारस लहान, म्हणून आईचे किंवा चुलत्याचे नाव सांभाळणारा या नात्याने लागले. मूल सज्ञान झाले की अर्ज देऊन हा शेरा काढून घ्यायचा असतो. तो न काढल्यामुळे पन्नाशी उलटलेली माणसेही कागदोपत्री अज्ञान राहिली आहेत.

आमच्या संघटनेतल्या एका सभासदाची गोष्ट सांगतो. गाव आणि नाव सांगत नाही. त्याच्या वाडीला १९६१ च्या औद्योगिक विकास कायद्याच्या ३२ व्या कलमाची नोटीस आली, ती थोरल्या भावाच्या नावाने. धाकटा आमच्याबरोबर प्रेसवर काम करणारा. तो म्हणाला, “उताऱ्यावर माझं नावच नाही, मग मागू कशाच्या जोरावर?” आम्ही जेवणाच्या सुट्टीत उतारा पुढे घेतला. थोरल्याच्या नावापुढे तीन अक्षरे होती. “ही काय आहेत रे?” असे विचारले, तर म्हणाला, “आडनावाचंच काहीतरी असेल.” मग तलाठ्याकडून नमुना सहाचा जुना फेरफार काढला. वडील वारल्यानंतर एकत्र कुटुंब म्हणून थोरल्याचे नाव लागल्याची नोंद त्यात स्पष्ट होती. थोरला भाऊ काही लबाड नव्हता. त्यालाही ती अक्षरे ठाऊक नव्हती. कागद दोघांपुढे वाचून दाखविला तेव्हा तो म्हणाला, “वाटणी करून घेऊ.” दोघा भावांची आणि एका बहिणीची नावे लागली, मोबदल्याचे तीन वाटे झाले. कज्जा झाला नाही, वकील लागला नाही. तीन अक्षरांचा अर्थ कळला एवढेच.

जमीन गेली आणि माणूस कारखान्यात आला, तरी अक्षरे त्याला सोडीत नाहीत. पगाराच्या चिठ्ठीवर पी. एफ., ई. एस. आय., ओ. टी., एल. डब्ल्यू. पी. यांची रांग असते. यांतली पी. एफ. आणि ई. एस. आय. ही अक्षरे म्हणजे आधीच्या पिढ्यांची कमाई आहे. राज्य कामगार विम्याचा कायदा १९४८ चा आणि भविष्यनिर्वाह निधीचा १९५२ चा. पण एल. डब्ल्यू. पी.? एका वर्कशॉपमध्ये बोट चेपलेला पोरगा तीन आठवडे घरी बसला. चिठ्ठीवर ही अक्षरे पाहून त्याला वाटले, आजारपणाची रजा लागली. तिचा अर्थ बिनपगारी रजा. कामावर अपघात झाला असता विम्यातून मिळणारा लाभ त्याने मागितलाच नव्हता.

१९४८ च्या कारखाने कायद्यातील १०८ व्या कलमाने सूचनाफलकावरील नोटिसा इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावण्याचे बंधन घातले. १८७९ चेच तत्त्व पुन्हा आले म्हणा. मात्र आद्याक्षरे या बंधनातून अलगद निसटतात. ‘एल. डब्ल्यू. पी.’ देवनागरीत लिहिले की कागद मराठी दिसतो; अर्थ इंग्रजीतच कुलूपबंद राहतो.

नव्या पिढीची अक्षरे आणखी वेगळी आहेत. २०१३ साली ‘नॅशनल एम्प्लॉयॅबिलिटी एन्हान्समेंट मिशन’ ही योजना निघाली. ती आता बंद झाली आहे. आद्याक्षरे जुळून तिचे नाव झाले ‘नीम’. चाकणच्या रस्त्यावर चहाच्या टपरीवर पोरे म्हणत, “मी नीमवर लागलो.” लागलो या शब्दात नोकरीचा भास आहे. वस्तुतः त्या योजनेतला मुलगा प्रशिक्षणार्थी. त्याला पुढे कामावर घेण्याचे बंधन कारखान्यावर नव्हते. आमच्यातला एक जुना फिटर म्हणे, “नीम हकीम तसा नीम कामगार.” हसण्यावारी नेलेले हे उत्तर त्या चार इंग्रजी शब्दांपेक्षा खऱ्याच्या जवळ होते. तसेच नेमणूकपत्रातले ‘सी. टी. सी.’. कंपनीला माणसामागे पडणारा एकूण खर्च हा त्याचा अर्थ. तो आकडा पाहून लग्नाची बोलणी होतात, आणि पहिल्या महिन्यात हाती पडणारी रक्कम पाहून घरात भांडणे होतात.

माझी शाळा लवकर सुटली. इतिहास मी रात्रपाळीनंतर वाचनालयात बसून वाचला. या वाचनातून एक गोष्ट मला पटली. अडाणीपणा म्हणजे केवळ अक्षर न येणे नव्हे. ज्या घरात पदवीधर मुले आहेत, त्या घरातही सातबाऱ्यावरची तीन अक्षरे कोणाला उलगडत नाहीत. सुप्याच्या शेतकऱ्याला सबंध कागद अवघड होता; आपल्याला कागदातला नेमका मोलाचा कोपरा अवघड आहे. संघटनेचे निम्मे काम मोर्चाचे असेल, तर निम्मे काम अशा कोपऱ्यांचे पुरते शब्द करून सांगण्याचे आहे.

म्हणून एक विनंती करतो आणि रजा घेतो. सुट्टीच्या दिवशी घरात हा खेळ मांडा, पण चिठ्ठ्या विकत आणू नका. घरातला सातबारा, पगाराची पावती, विम्याचा कागद आणि नेमणूकपत्र मध्ये ठेवा. प्रत्येकाने एक संक्षेप निवडावा आणि दुसऱ्याने तो उलगडावा. जो कोणालाच उलगडणार नाही, तो कागदावर लिहून तलाठ्याला, कारखान्याच्या कचेरीत किंवा आपल्या संघटनेत विचारा. ‘याचे पुरते शब्द काय?’ असे विचारायला पैसे पडत नाहीत, आणि त्यात कमीपणाही नाही.