पद्मिनीच्या दाराआडचा कागद

मराठी मुसलमानांच्या इतिहासाचा विषय निघाला की आपण बहमनी, निजामशाही, आदिलशाही, फार तर सूफी संतांपर्यंत जातो. विसाव्या शतकात आपली माणसं पोटासाठी काय करत होती, त्यांच्या हातात कोणता हुनर होता, हे फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून आज एका क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूविषयी लिहायचं आहे. जुन्या फियाटच्या दारात, पत्रा आणि आतलं रेक्झिनचं पॅनल यांच्यामध्ये पाणी अडवणारा एक पातळ कागद असतो, त्याविषयी.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिचा कारखाना कुर्ल्याला. आधी क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज, प्लिमथ अशा गाड्या तिथे जोडल्या गेल्या, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५४ ची गोलसर फियाट लोकांच्या तोंडी 'डुक्कर फियाट' झाली. पुढे १९६४ मध्ये 'डिलाइट' आली, आणि सत्तरच्या दशकात तीच गाडी 'प्रीमियर पद्मिनी' या नावानं विकली जाऊ लागली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून आपण जिला ओळखतो, ती हीच.

गाडीचा आराखडा इटलीचा, पण चालायची ती मुंबईत. इथे पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पावसाचं पाणी काचेवरून ओघळतं आणि काच जिथून खाली सरकते त्या फटीतून दारात उतरतं. ते उतरणारच, हे बनवणाऱ्यालाही ठाऊक असतं. म्हणून दाराच्या तळाशी भोकं ठेवलेली असतात, तिथून ते रस्त्यावर पडावं. आतल्या बाजूला मात्र पॅनल असतं पुठ्ठ्याचं किंवा हार्डबोर्डचं. त्याला ओल लागली की ते फुगतं, रेक्झिन सुटतं, पाणी पायाखालच्या चटईत मुरतं आणि गाडीचा तळ सडू लागतो. हे टाळण्यासाठी मध्ये तो कागद. पूर्वी मोटारींत डांबर किंवा मेण लावलेला कागद वापरत. १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये पॉलिथिनचा शोध लागला आणि पुढे त्याची जागा हळूहळू प्लास्टिकनं घेतली.

हा कागद सगळ्यात आधी गायब होतो. काचेचं मशीन दुरुस्त करायला कुणी पॅनल उघडतं, कागद फाटतो आणि घाईत तसाच फेकला जातो. पॅनल बसलं की बाहेरून काही कळत नाही. दोन-तीन पावसाळ्यांनंतर दाराच्या तळाला गंजाचे फोड दिसतात, तेव्हा पत्र्याला दोष देतात.

नीट काम करणारा कारागीर घाई करत नाही. काच वर-खाली करायचा हँडल आणि दाराची मूठ काढून तो क्लिपा न मोडता पॅनल उतरवतो. जुना गोंद खरवडतो, तळाची भोकं तारेनं मोकळी करतो, गंज घासून रेड ऑक्साइड मारतो. वर्तमानपत्र लावून माप घेतो आणि त्या मापाचं जाड प्लास्टिक कापतो. कडेनं मऊ राहणारी ब्युटाइलची चिकटपट्टी लावतो, म्हणजे पुढच्या वेळी प्लास्टिक न फाडता उघडता येतं. साधं सिलिकॉन वापरत नाही, कारण वाळताना त्यातून जे आम्ल निघतं ते पत्र्याला गंज चढवतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्लास्टिकची खालची कड दाराच्या पोकळीत आत वळवतो. ती बाहेर राहिली तर सगळी मेहनत फुकट, पाणी पुन्हा पॅनलवरच उतरतं.

मुंबईतल्या गॅरेजांत डेंटर, पेंटर, कुशनवाले म्हणून मुसलमान कारागीर मोठ्या संख्येनं राबले. नवी गाडी मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागे, त्या काळात जुनी गाडी टिकवणं हेच यांचं काम होतं. ही विद्या पुस्तकात नव्हती. उस्तादाकडून शागिर्दाकडे ती हातानं गेली. गाडीला नाव मिळालं चितोडच्या पद्मिनीचं. ती कथा आपल्यापर्यंत आली तीही मलिक मुहम्मद जायसी या सूफी कवीनं १५४० मध्ये अवधीत रचलेल्या 'पद्मावत'मुळे. आज त्या कथेवरून हिंदू-मुसलमान असा वाद घालणाऱ्यांना ना जायसी आठवतो, ना पद्मिनीची दारं सांभाळणारे हात.

मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद ऑक्टोबर २००३ मध्ये झाली होती, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून उतरली. तेव्हा वर्तमानपत्रांत भरभरून लिहून आलं, फोटो छापले गेले. आता हौशी लोक जुन्या पद्मिनी शोधून सजवतात. रंग चकाकतो, क्रोम चमकतं. पण गाडी टिकेल की नाही हे त्या न दिसणाऱ्या प्लास्टिकवर ठरतं, आणि ते नीट बसवणारी पिढी आता म्हातारी झाली आहे.

आपल्या घरात, मोहल्ल्यात असे उस्ताद असतील. त्यांच्याजवळ बसा. कुठे शिकले, कुणाकडे शिकले, पहिली मजुरी किती मिळाली, हे विचारा आणि मराठीत लिहून ठेवा. सुलतानांवर लिहायला इतिहासकार पुष्कळ आहेत. यांचं मात्र आपल्यालाच लिहावं लागेल.