घरगुती सर्व्हरसाठी लिनक्स-वितरणाची निवड : एक ऐतिहासिक टिपण

लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला तो लिनक्सचा केवळ गाभा होय. त्याभोवती आवश्यक साधने जुळवून ती सांभाळण्याची हमी देणाऱ्या संकलनांस ‘वितरण’ ही संज्ञा आहे. घरी रात्रंदिवस चालणाऱ्या सर्व्हरसाठी वितरण निवडताना सोयींची तुलना पुष्कळ होते. परंतु ही हमी कोणाच्या भरवशावर उभी आहे, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे.

या दृष्टीने सेंटओएसचा इतिहास उद्बोधक ठरतो. रेड हॅटच्या व्यापारी वितरणाच्या मुक्त स्रोतावरून घडविलेले हे विनामूल्य वितरण २००४ पासून प्रचारात आले व २०१४ मध्ये रेड हॅटच्या आश्रयाखाली गेले. २०१९ मध्ये निघालेल्या आठव्या आवृत्तीची देखभाल २०२९ पर्यंत अपेक्षित होती. तथापि ती २०२१ अखेर थांबविण्याचे ८ डिसेंबर २०२० रोजी जाहीर झाले. जुनी सातवी आवृत्ती मात्र जून २०२४ पर्यंत टिकली. म्हणजे विश्वासाने नवी आवृत्ती स्वीकारणाऱ्यांनाच आधी स्थलांतर करावे लागले.

उलटपक्षी, इयान मरडॉक यांनी १९९३ मध्ये आरंभिलेल्या डेबियनने १९९७ मध्ये आपला सामाजिक करार सिद्ध केला. त्याचा कारभार सभासदांच्या मताने चालतो. तेथील स्थिर आवृत्तीस सुमारे पाच वर्षे देखभाल मिळते. ही मुदत सेंटओएसच्या दशकाहून तोकडी खरी, पण ती कोणा एका कंपनीच्या व्यापारी धोरणावर अवलंबून नाही.

सारांश, घरगुती सर्व्हरच्या मालकाने हमीच्या लांबीपूर्वी हमी देणाऱ्याची घडण तपासावी, हेच या इतिहासाचे तात्पर्य होय.