गाव सोडण्याच्या दोन रीती

मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन चांदोली राष्ट्रीय उद्यानाकडे जायचं, असं आमच्या वाडीतल्या चार घरांनी ठरवलं आहे. तीन रात्रींचा मुक्काम. बकरी ईद मेच्या अखेरीस आणि तिच्या मागोमाग पाऊस, म्हणून महिन्याचा तिसरा आठवडा धरला. यादी करायला बसलो तेव्हा प्रश्न साधे होते. राहायचं कुठे? परवानगी कोणाची? चूल पेटवता येईल का? पण या प्रश्नांची उत्तरं शोधत गेलं की इतिहासात शिरावंच लागतं.

आचऱ्याच्या माणसाला घर सोडून उघड्यावर राहायचं नवल नाही. आमच्याकडे दर काही वर्षांनी गावपळण होते. श्री देव रामेश्वराचा कौल झाला की ठरलेल्या दिवशी सगळा गाव गुरं, कोंबड्या, कुत्री-मांजरं घेऊन वेशीबाहेर पडतो आणि तीन दिवस, तीन रात्री झावळ्यांच्या राहुट्यांत राहतो. हिंदू जातात, ख्रिस्ती जातात, आम्ही मुसलमानही जातो. कौल हा आमच्या अकिद्याचा भाग नाही, पण शेजार हा आमच्या दीनचा भाग आहे. कोणी गावपळणीचं कारण श्रद्धेत शोधतं, कोणी जुन्या साथीच्या रोगांत. कारण काहीही असो, राहुटी कुठे बांधायची, पाणी कुठून आणायचं, रात्री राखण कोणी करायची हे आमच्या बायाबापड्यांना तोंडपाठ आहे. म्हणूनच तंबूचं भाडं ऐकून आमच्या एका खाला म्हणाल्या, "झावळ्या घेऊन चला की! पैसे कशाला?"

खालांना सांगावं लागलं की तिथे तसं चालत नाही. राष्ट्रीय उद्यानात मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. वन खात्याची परवानगी घेऊन, ठरलेल्या वाटेने जायचं आणि ठरलेल्या जागीच राहायचं. जाळ तर मुळीच करायचा नाही. आम्ही उद्यानाबाहेरच्या गावात मुक्काम करणार आहोत. हा नियम आला कुठून, ते मुलांना वाटेत सांगायचं आहे, आणि त्यासाठी वाटही सोयीची आहे.

आचरा, कणकवली, फोंडाघाट असं चढून गेलं की घाटमाथ्यावर पहिलं जंगल लागतं ते दाजीपूरचं. कोल्हापूर संस्थानच्या काळात हे राजाचं शिकारीचं रान होतं. 'शिकार' आणि 'मुक्काम' हे दोन्ही शब्द मराठीने फारसी-अरबीतून घेतले, आणि या डोंगरांत ते बराच काळ जोडीनेच फिरले. शेजारीच भोगावतीवरचं राधानगरी धरण आहे. शेतीला पाणी मिळावं म्हणून ते राजर्षी शाहू महाराजांनी बांधायला घेतलं. याच महाराजांनी 1906 साली कोल्हापुरात मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी मुस्लिम बोर्डिंग उभं केलं. जलाशयात त्यांच्या काळातली एक वास्तू आहे, बेनझीर व्हिला. पाणी उतरलं की ती नीट दिसते. 'बेनझीर' म्हणजे जिला तोड नाही ती, हे आमच्या वर्गातली मुलं वाचूनच सांगतील.

कोल्हापूर संस्थान 1949 मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं. 1951 मध्ये मुंबई राज्याने वन्यप्राणी आणि वन्यपक्षी संरक्षणाचा कायदा केला. तो घडवण्यात पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांचा मोठा वाटा होता. 1958 मध्ये दाजीपूरचं रान गव्यांसाठी राखीव अभयारण्य झालं. त्याच वर्षी सालिम अली यांना पद्मभूषण मिळालं. त्यांचीही सुरुवात बंदुकीनेच झाली होती. आईबाप लहानपणीच गेलेला हा मुलगा मुंबईत मामांकडे वाढला. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीचा गळा पिवळा दिसला, म्हणून ती कोणती हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. एक प्रश्न विचारला आणि पुढचं सगळं आयुष्य पक्ष्यांमागे गेलं. आपल्या मोहल्ल्यात अजूनही कोणी म्हणतं, "जंगल-पक्षी हे आपलं काम नव्हे." त्यांना ही दोन नावं सांगावीत. महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. त्याची सुरुवात मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसाने होते आणि शेवट सालिम अलींच्या.

इथपर्यंतचा इतिहास सांगायला सोपा आहे. चांदोलीचा तितका सोपा नाही.

वारणेच्या खोऱ्यातलं हे जंगल 1985 मध्ये अभयारण्य झालं, 2004 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, आणि 2010 मध्ये कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं. 2012 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही आलं. पाटी बदलली की कायदाही बदलतो. 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार अभयारण्यात स्थानिकांचे काही हक्क चालू ठेवता येतात, राष्ट्रीय उद्यानात मात्र गुरं चारायलाही मनाई. म्हणजे माणसाला तिथे पाहुणा म्हणूनच जाता येतं. चांदोलीच्या आत गावं होती, शेतं होती, देवळं होती. ती उठली. पुनर्वसनाची जमीन आणि सोयी मिळाव्यात म्हणून त्या लोकांना पुढे वर्षानुवर्षं आंदोलनं करावी लागली. श्रमिक मुक्ती दलाच्या झेंड्याखाली त्यांनी कोल्हापुरात दिवसेंदिवस धरणं धरली. जंगलात राहणाऱ्यांचे हक्क मान्य करणारा, त्यांना हलवण्याआधी ग्रामसभेची संमती हवी असं सांगणारा वनहक्क कायदा आला 2006 मध्ये, उद्यान जाहीर झाल्यावर दोन वर्षांनी.

गावपळणीतही गाव रिकामा होतो. पण तो स्वतः ठरवून रिकामा होतो, सगळे एकत्र जातात, आणि चौथ्या दिवशी कौल घेऊन प्रत्येक जण आपल्याच उंबऱ्यावर परत येतो. ते तीन दिवस गाव पाखरांचा असतो. चांदोलीतही गव्यांना आणि वाघांना जागा हवी होती, ती हवीच होती. जंगल राखलं नाही तर वारणाही राहणार नाही आणि खाली आमच्या नद्याही. पण तिथल्या माणसांची पळण चौथ्या दिवशी संपली नाही. जंगलाची किंमत सगळ्यांनी मिळून भरली असती तर गोष्ट वेगळी. ती भरली डोंगरातल्या थोड्या गरीब घरांनी, आणि गारवा खायला जाणार आम्ही.

म्हणून जायचं नाही का? तसं मला वाटत नाही. जायचं, पण कुठे पाय ठेवतो आहोत हे ठाऊक असू द्यायचं. आमच्या यादीत विजेरी, पाण्याच्या बाटल्या, जानमाज, सालिम अलींचं पक्ष्यांचं पुस्तक आणि मुलांसाठी वह्या आहेत. एक दिवस जंगलाला दिला आहे. गवा, शेकरू, हरियाल, जे दिसेल ते लिहायचं. परतताना राधानगरीला एक रात्र, पावसाआधीचे काजवे बघायला. आणि मधला एक दिवस खाली पुनर्वसन झालेल्या वसाहतीत, तिथल्या वडीलधाऱ्यांबरोबर बसायला. मुलांनी त्यांना एकच गोष्ट विचारायची: तुमच्या गावातल्या जागांची नावं काय होती? उद्यानात 'जनीचा आंबा' नावाची जागा आजही आहे. कोणी जनी तिथे होती, तिचा एक आंबा होता, एवढं तरी त्या नावाने राखलं आहे. बाकीची नावं सांगणारी माणसं आता म्हातारी होत चालली आहेत. तेव्हा वह्या जरा जाड घ्यायला सांगितल्या आहेत.