लाकूड कंपन्या शाश्वत लाकडाचे प्रमाणपत्र का घेतात? झाडे लावणाऱ्या शेतकऱ्याने काय पाहावे?

मुलुंडमध्ये लालबहादूर शास्त्री मार्गालगत जुन्या कारखान्यांच्या जागी निवासी टॉवर उभे राहिले. या घरांना चौकटी, दारे, प्लायवूड आणि फर्निचर लागते. हे लाकूड शेजारच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून येत नाही. ते येते विदर्भातल्या सागापासून, शेतातल्या निलगिरीपासून आणि कांडला बंदरात उतरणाऱ्या आयात ओंडक्यांपासून. वखारीत थप्पी लागली की कोणती फळी कुठल्या झाडाची, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. ती ओळख कागदावर टिकवून ठेवणे, हे प्रमाणपत्राचे मुख्य काम आहे.

प्रमाणपत्राचे दोन भाग

- वन व्यवस्थापन प्रमाणपत्र: हे जंगलाला किंवा लागवडीला मिळते. तोड कायदेशीर आहे का, पुन्हा लागवड होते का, मजुरांना सुरक्षितता मिळते का, पाणी आणि जैवविविधता जपली जाते का, हे तपासले जाते.
- ताबा साखळी प्रमाणपत्र (चेन ऑफ कस्टडी): हे आरा गिरणी, प्लायवूड कारखाना आणि व्यापाऱ्याला मिळते. प्रमाणित माल इतर मालात मिसळत नाही, याच्या नोंदी ठेवाव्या लागतात.

जगात 1993 मध्ये स्थापन झालेली एफएससी आणि 1999 मध्ये सुरू झालेली पीईएफसी या दोन मोठ्या व्यवस्था आहेत. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर 2023 मध्ये भारतीय वन आणि लाकूड प्रमाणन योजना जाहीर केली. ती ऐच्छिक आहे आणि तिच्यात जंगलाबाहेरील, म्हणजे शेतातल्या झाडांसाठीही वेगळा भाग आहे.

कंपन्या खर्च का करतात?

1. निर्यात: अमेरिकेच्या लेसी कायद्यात 2008 पासून बेकायदा तोडलेल्या लाकडाचा व्यापार गुन्हा ठरतो. युरोपीय संघाच्या 2023 च्या जंगलतोडविरोधी नियमानुसार, 31 डिसेंबर 2020 नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचे लाकूड तिथे विकता येणार नाही आणि जमिनीचे भौगोलिक स्थान द्यावे लागेल. या नियमाची अंमलबजावणी एकाहून अधिक वेळा पुढे ढकलली गेली. केवळ प्रमाणपत्राने त्याची पूर्तता होत नाही, पण लागणारी बरीच माहिती त्यामुळे आधीच हाताशी असते.
2. शहरी मागणी: लीड आणि आयजीबीसी या हरित इमारत मानांकनांत प्रमाणित लाकूड वापरल्यास गुण मिळू शकतात. असे मानांकन हवे असलेला बिल्डर पुरवठादाराकडे प्रमाणपत्र मागतो.
3. कायद्याची जोखीम: सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन प्रकरणातील 12 डिसेंबर 1996 च्या आदेशापासून तोड आणि आरा गिरण्यांवर देशभर कडक नजर आहे. मालाचा माग ठेवणारी कंपनी चोरीच्या लाकडाच्या प्रकरणात अडकण्याची शक्यता कमी होते.
4. कच्चा माल: कागद कारखान्यांना दरवर्षी लाकूड लागते. त्यामुळे आयटीसी, जेके पेपर अशा कंपन्या शेतकऱ्यांना रोपे आणि मार्गदर्शन देतात.

साखळी कुठे तुटते?

समजा, तुमची लागवड प्रमाणित आहे, पण माल प्रमाणपत्र नसलेल्या वखारवाल्याने विकत घेतला. त्यानंतर मुलुंडचा फर्निचर कारखानदार तेच लाकूड प्रमाणित म्हणून विकू शकत नाही. मालकी बदलणारा प्रत्येक टप्पा प्रमाणित हवा. बिलावर विक्रेत्याचा प्रमाणपत्र क्रमांक आणि मालाचा दर्जा लिहिलेला असावा लागतो. एफएससीचा क्रमांक तिच्या सार्वजनिक यादीत कोणालाही तपासता येतो, म्हणून नुसत्या शिक्क्यावर विश्वास ठेवू नका.

तुम्ही काय करावे?

- आधी खरेदीदार शोधा. एफएससी प्रमाणपत्र पाच वर्षांचे असते आणि दरवर्षी तपासणी होते. दोन-तीन एकरांसाठी हा खर्च एकट्याला परवडणे कठीण आहे.
- गटाने जा. शेतकरी उत्पादक कंपनी किंवा कारखान्याच्या गट योजनेत खर्च वाटला जातो. तपासणीचा खर्च कोण देणार आणि प्रमाणपत्र कोणाच्या नावावर राहणार, हे करारात लिहून घ्या.
- जादा दर गृहीत धरू नका. प्रमाणपत्रामुळे बाजार खुला होतो, पण भाववाढीची हमी मिळत नाही. जादा दर कबूल केला असेल, तर तो लेखी घ्या.
- नोंदी आजपासून ठेवा. सात-बारावरील झाडांची नोंद, रोपांची बिले, लागवडीचे वर्ष, शेताचे जीपीएस स्थान आणि फवारणीची वही जपून ठेवा.
- सरकारी परवानगी वेगळी आहे. साग तोडण्यापूर्वी वनपरिक्षेत्र कार्यालयात तोड परवानगी आणि वाहतूक पासाची चौकशी करा. प्रमाणपत्र त्यांची जागा घेत नाही.

सागाला तोडीयोग्य व्हायला अनेक वर्षे लागतात. तोडीच्या वर्षी जुनी माहिती गोळा करायला गेलात, तर ती पूर्ण मिळणार नाही. प्रमाणपत्र पुढे घ्या किंवा घेऊ नका, लागवडीची वही मात्र पहिल्या रोपापासून सुरू करा. ती असेल, तर खरेदीदार निवडताना तुमच्यापुढे एकाहून जास्त पर्याय राहतील.