मोटार, विमा आणि दंडाची पावती

अमेरिकेतला सामान्य माणूस राजकारणावर चिडतो तेव्हा तो बहुतेकदा पेट्रोलच्या भावावर, गाडीच्या हप्त्यावर, विम्यावर नाहीतर पोलिसाने हातात दिलेल्या दंडाच्या पावतीवर बोलत असतो. आपल्यातले काही विद्वान यावर नाक मुरडतात. ही म्हणे ग्राहकाची कुरकुर, हिच्यात कसले आले परिवर्तन! मित्रांनो, निदान तिथल्या कृष्णवर्णीयांपुरते तरी हे साफ खोटे आहे. त्यांच्या लढ्याचा एक मोठा भाग मोटारीच्या चाकांवरच लढला गेला आहे.

वाहन आणि माणुसकीचा संबंध आपल्याला तरी कोणी शिकवायला नको. मसूर स्टेशनवर उतरलेल्या लहानग्या भीमरावाची जात कळताच गाडीवाला बैलगाडी हाकायला तयार होईना. दुप्पट भाडे देऊन पोरांनाच गाडी हाकावी लागली. पुढे 1929 साली चाळीसगावला, बाबासाहेब परदेशात शिकून बॅरिस्टर होऊन आल्यावरही, एकही टांगेवाला त्यांना न्यायला तयार झाला नाही. न हाकता येणाऱ्या आपल्याच माणसाने टांगा हाकला, बाबासाहेब खाली फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. दोन्ही वेळा भाडे द्यायला पैसे होते. अडचण पैशांची नव्हतीच.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत हेच बसमध्ये घडत होते. अलाबामातील माँटगोमेरी शहरात बसच्या पुढच्या दहा जागा गोऱ्यांसाठी राखीव. कृष्णवर्णीयाने पुढच्या दाराने चढून पैसे द्यायचे, पुन्हा खाली उतरायचे आणि मागच्या दाराने आत जायचे. तेवढ्यात ड्रायव्हर बस हाकून निघून जाई. म्हणून ज्याला परवडे तो कृष्णवर्णीय पोटाला चिमटा काढून जुनीपुराणी का होईना, मोटार घेई. पण लांबच्या प्रवासात खायचे कुठे, झोपायचे कुठे, हा प्रश्न उरेच. न्यूयॉर्कच्या हार्लेममधील व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या टपाल कर्मचाऱ्याने 1936 पासून 'ग्रीन बुक' काढले ते यासाठीच. कृष्णवर्णीयांना दारात उभे करणारी हॉटेले आणि घरे कोणती, याची ती यादी होती.

1 डिसेंबर 1955 रोजी रोझा पार्क्स यांना अटक झाली हे आपल्या प्रत्येक व्याख्यानात येते. पण पुढचे 381 दिवस हजारो माणसे कामावर कशी पोचली, हे आपले वक्ते सांगत नाहीत. बहिष्काराचे खरे बळ तिथे आहे. सुरुवातीला कृष्णवर्णीय टॅक्सीवाल्यांनी बसइतकेच, म्हणजे 10 सेंट भाडे घेतले. पोलीस प्रशासनाने लगेच जुना नियम बाहेर काढला : किमान भाडे 45 सेंट. मग मार्टिन ल्यूथर किंग यांनी बॅटन रूजच्या टी. जे. जेमिसन यांना फोन लावला, कारण त्यांनी 1953 मध्ये असाच बहिष्कार चालवला होता. थोड्याच दिवसांत सुमारे 300 खासगी मोटारी उभ्या राहिल्या. थांबे ठरले, वेळा ठरल्या. चर्चच्या नावाने स्टेशन वॅगन घेतल्या गेल्या, त्यांना लोक 'चाकांवरचे चर्च' म्हणू लागले. जॉर्जिया गिल्मोर आणि त्यांच्यासोबतच्या स्वयंपाकिणी, मोलकरणी जेवण आणि केक विकून पेट्रोलचा पैसा जमवत होत्या. गंमत म्हणजे काही गोऱ्या मालकिणी स्वतःच गाडी काढून आपल्या मोलकरणीला आणायला जात. महापौर गेल यांनी त्यांना जाहीर तंबी दिली तरी धुणीभांडी स्वतः करायची त्यांची तयारी नव्हती.

आता सत्तेचे हत्यार पाहा. तिने बंदूक नंतर काढली, आधी पावतीपुस्तक काढले. जो अॅन रॉबिन्सन या प्राध्यापिका अत्यंत जपून गाडी चालवत, तरी थोड्याच महिन्यांत त्यांच्या नावावर 17 पावत्या फाडल्या गेल्या. 26 जानेवारी 1956 रोजी किंग यांना अटक झाली, गुन्हा काय, तर 25 मैलांच्या रस्त्यावर 30 मैल वेग! चारच दिवसांनी त्यांच्या घरावर बॉम्ब पडला. स्टेशन वॅगनचा विमा कंपन्यांनी रद्द केला. विम्याशिवाय गाड्या चालवणार कशा? अखेर अटलांटातले कृष्णवर्णीय विमा व्यावसायिक टी. एम. अलेक्झांडर यांनी थेट लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळवून दिला. हा माणूस कुठल्या मोर्च्याच्या छायाचित्रात दिसत नाही, पण त्याच्या कागदावाचून मोर्चा थांबला असता. चळवळीला विमा समजणारा माणूस लागतो, हे मी मुद्दाम लिहितो आहे.

13 नोव्हेंबर 1956 रोजी नगराने कोर्टातून या वाहतुकीवर बंदी मिळवली. बसच्या उत्पन्नातला आमचा वाटा बुडाला, असा त्यांचा दावा होता. त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला : बसमधला वंशभेद घटनाबाह्य. तो आदेश माँटगोमेरीत पोचेपर्यंत महिनाभर लोक मोटारींविना, बहुतांश पायीच कामावर गेले. पण बसमध्ये ते चढले नाहीत.

बसचा प्रश्न सुटला, रस्त्याचा सुटला नाही. मिसुरीतील फर्ग्युसनमध्ये ऑगस्ट 2014 मध्ये पोलिसाने मायकल ब्राउन या तरुणाला गोळी घातली. त्यानंतर केंद्रीय न्याय विभागाने मार्च 2015 मध्ये अहवाल दिला. शहरात कृष्णवर्णीय 67 टक्के, पण पोलिसांनी अडवलेल्या वाहनचालकांत 85 टक्के. पावत्या वाढवल्या नाहीत तर पुढच्या वर्षी वसुली वाढणार नाही, असे शहराच्या वित्त अधिकाऱ्याने 2010 मध्ये पोलीस प्रमुखाला लेखी कळवले होते. म्हणजे गरिबाची मोटार हे नगराच्या उत्पन्नाचे शेत.

त्याच अहवालात एका कृष्णवर्णीय स्त्रीची हकिगत आहे. 2007 मध्ये तिने एकदा गाडी चुकीच्या जागी उभी केली. दोन पावत्या, 151 डॉलर दंड, वर शुल्क. पैसे नव्हते, तारखा चुकल्या, दरवेळी नवा दंड चढला. ती दोनदा अटक झाली, सहा दिवस तुरुंगात राहिली आणि एकूण 550 डॉलर भरले. डिसेंबर 2014 मध्ये कोर्टाच्या खात्यात तिच्या नावावर अजून 541 डॉलर बाकी होते.