कसबाची मोजणी : केळशीच्या किनाऱ्यावरून गुणांकनाधारित स्थलांतर-पद्धतीचा एक विचार

प्रास्ताविक

परकीय कुशल कामगारांना आपल्या देशात कायम वास्तव्यासाठी प्रवेश द्यावा की नाही, हे ठरविण्यासाठी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही राष्ट्रांनी परीक्षेच्या गुणपत्रिकेसारखी एक पद्धती स्वीकारली. अर्जदाराचे वय, शिक्षण, भाषाज्ञान, व्यवसाय, अनुभव यांना ठरावीक गुण द्यावयाचे, त्यांची बेरीज करावयाची, आणि ती ठरलेल्या मर्यादेपर्यंत पोहोचली तर अर्ज मंजूर करावयाचा, असे तिचे स्थूल स्वरूप आहे. मराठीत ‘गुण’ हा शब्द परीक्षेतील आकड्यासाठीही येतो आणि माणसाच्या अंगच्या योग्यतेसाठीही येतो. हे दोन्ही अर्थ एकच आहेत, असे मानणे हाच या पद्धतीचा पाया होय. ते गृहीतक कितपत टिकते, हे टोरोंटो किंवा सिडनी येथून पाहण्यापेक्षा कोकणातील एखाद्या बंदरावरून पाहणे अधिक उद्बोधक ठरते. याचे कारण असे की, या किनाऱ्यावर कसब पिढ्यान्पिढ्या होते; कागद मात्र क्वचितच होता.

केळशी हे गाव दापोली तालुक्याच्या उत्तर भागात, भारजा नदीच्या खाडीच्या मुखाशी वसलेले आहे. महालक्ष्मीचे मंदिर, याकुबबाबांचा दर्गा आणि खाडीजवळची वाळूची प्रचंड टेकडी यांमुळे ते अभ्यासकांना परिचित आहे. गलबतांचा व्यापार चालू होता तोवर अशी लहान बंदरे मुंबईशी समुद्रमार्गे जोडलेली होती. रत्नागिरी जिल्ह्यातील जमीन उंचसखल, कातळाची आणि थोडी. त्यामुळे घरटी एक तरी माणूस बाहेर, हा येथील जुना शिरस्ता होता. गिरणी, गोदी, पलटण, पोलीस आणि आगबोट ही त्याची ठिकाणे. मुंबईत या लोकांना ‘बाणकोटी’ म्हणत आणि त्यांच्या मनिऑर्डरींवर मागची घरे चालत. स्थलांतर ही येथे घटना नव्हती, रीत होती. तिच्या आड पहिली लेखी परीक्षा आली ती आफ्रिकेच्या किनाऱ्यावर.

युरोपीय भाषेची अट

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोकणी मुसलमान समाजातील अनेक जण रत्नागिरी जिल्ह्याच्या गावांतून केपटाऊनला गेले. हे गिरमिटिये नव्हते. स्वतःच्या पैशाने तिकीट काढून जाणारे, म्हणून त्यांना ‘पॅसेंजर’ हिंदी म्हणत. या नावामुळे ते सारे धनिक व्यापारी असावेत असा समज रूढ झाला होता. उमा धुपेलिया-मेस्त्री यांच्या संशोधनाने तो दूर केला असून त्यांतील पुष्कळ जण मजूर, फेरीवाले आणि दुकानांतील नोकर होते, हे दाखवून दिले आहे.

या लोकांना अडविण्यासाठी जो कायदा झाला त्याचा नमुना नाताळ वसाहतीचा होता. १८९७ साली नाताळने प्रवेशासाठी अशी अट घातली की, येणाऱ्याने ठरावीक नमुन्याचा अर्ज कोणत्याही युरोपीय भाषेत स्वहस्ते लिहावा. कायद्यात ‘हिंदी’ किंवा ‘आशियाई’ असा शब्द कोठेही नव्हता. वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी त्याच वर्षीच्या वसाहत परिषदेत हाच मार्ग इतर वसाहतींपुढे ठेवला. साम्राज्याच्या प्रजाजनांत वर्णावरून भेद केल्याचा ठपका नको, परंतु भेद तर हवा, अशा अडचणीतून निघालेली ही युक्ती होती. ऑस्ट्रेलियाने १९०१ मध्ये तिचे अधिक निर्दय रूप स्वीकारले. अधिकाऱ्याने निवडलेल्या युरोपीय भाषेत पन्नास शब्दांचे श्रुतलेखन घ्यावयाचे, आणि ती भाषा कोणती हे अर्जदाराच्या हाती नाही. १९०९ नंतर त्या परीक्षेत एकही माणूस उत्तीर्ण झाला नाही. १९३४ मध्ये अनेक युरोपीय भाषा जाणणारे पत्रकार एगॉन किश यांना नापास करावयाचे ठरले, तेव्हा अधिकाऱ्यांनी स्कॉटिश गेलिक भाषा निवडली! (पुढे न्यायालयाने ही परीक्षा अवैध ठरविली, ही गोष्ट वेगळी.)

केप वसाहतीने १९०२ मध्ये नाताळच्याच धर्तीवर कायदा केला. १९०६ च्या दुरुस्त कायद्यात यिद्दिश ही युरोपीय भाषा म्हणून मान्य झाली, त्यामुळे पूर्व युरोपातून येणाऱ्या ज्यूंची सोय झाली. मराठी, उर्दू, गुजराती यांना ते स्थान मिळाले नाही. मोडीत हिशेब लिहिणारा किंवा उर्दूत खतपत्र करणारा मनुष्य कायद्याच्या दृष्टीने निरक्षर ठरला. साक्षरता हा गुण होता, परंतु त्याला गुण नव्हते.

जे आधीच तेथे स्थायिक झाले होते त्यांनाही कागदाने गाठले. केपमधील हिंदी माणसाला गावी येऊन परत जावयाचे असेल, तर एक पौंड भरून परवाना घ्यावा लागे. त्यावर छायाचित्र आणि अंगठ्याचा ठसा असे, आणि मुदतीत परत न पोहोचल्यास वास्तव्याचा हक्क जाई. लग्न, आजारपण, शेतीची कामे, पावसाळ्यात बंद पडणारी बंदरे, या कोकणी वेळापत्रकाशी त्या मुदतीचा मेळ बसणे कठीण होते. १९१३ च्या दक्षिण आफ्रिकी संघराज्याच्या कायद्याने नव्याने येणाऱ्यांची वाट जवळजवळ बंदच केली. १९२५ साली ब्रिटनमध्येही असेच घडले. तेथील आदेशानुसार, आपण ब्रिटिश प्रजाजन आहोत हे कागदोपत्री सिद्ध करू न शकणाऱ्या अश्वेत खलाशांची नोंद परकीय म्हणून होऊ लागली. आगबोटीच्या भट्टीपुढे आयुष्य घालविलेल्या माणसाचे कसब कोणीही नाकारले नव्हते. मागितला होता तो कागद.

१९६७ चे कोष्टक

या पूर्वेतिहासाच्या पार्श्वभूमीवर कॅनडाच्या १९६७ च्या निर्णयाचे मोल नीट ध्यानात येते. त्याआधी कॅनडाने १९०८ मध्ये ‘अखंड प्रवासा’ची अट घालून हिंदी लोकांना रोखले होते. १९१४ साली ‘कोमागाटा मारू’ जहाजावरील ३७६ प्रवाशांपैकी बहुसंख्यांना व्हँकूवरच्या बंदरातूनच परत फिरावे लागले. स्वतंत्र भारताच्या वाट्याला १९५१ मध्ये वर्षाला १५० माणसांचा कोटा आला, तो १९५७ मध्ये ३०० झाला. १९६२ च्या नियमांनी वांशिक निकष बहुतांशी मोडीत काढला. परंतु मग निवड करावयाची कशी, हा प्रश्न उरला. अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडल्यास जुना भेद मागल्या दाराने येणार, हे उघड होते. त्याचे उत्तर म्हणून १ ऑक्टोबर १९६७ पासून गुणांचे कोष्टक अमलात आले.

एकूण गुण १०० आणि उत्तीर्णतेसाठी ५०. शिक्षण व प्रशिक्षणाला २०, म्हणजे शाळा-महाविद्यालयातील प्रत्येक वर्षाला साधारणपणे एक; मुलाखतीतील व्यक्तिगत मूल्यमापनाला १५; त्या व्यवसायाच्या मागणीला १५; व्यावसायिक कौशल्य, वय, आधीच ठरलेली नोकरी आणि इंग्रजी-फ्रेंच भाषाज्ञान यांना प्रत्येकी १०; कॅनडात नातलग असल्यास ५ आणि जेथे जावयाचे त्या भागातील रोजगारसंधीला ५. नियम छापील होते आणि ते सर्व देशांच्या अर्जदारांना सारखेच लागू होते. नाताळच्या कायद्यात परीक्षा हे सोंग होते. येथे ती खरोखरीची परीक्षा झाली. हा फरक मूलभूत आहे, आणि या पद्धतीवर टीका करणाऱ्यांनी तो विसरता कामा नये. १९६७ नंतर मुंबई-पुण्याच्या अभियंत्यांना, डॉक्टरांना, शिक्षकांना कॅनडाची दारे उघडली ती या कोष्टकानेच. ऑस्ट्रेलियाने श्रुतलेखन १९५८ मध्ये आणि श्वेत ऑस्ट्रेलियाचे धोरण १९७३ मध्ये सोडले, नंतर १९७९ मध्ये गुणांकन स्वीकारले. न्यूझीलंडने १९९१ मध्ये तोच मार्ग धरला.

आता हेच कोष्टक केळशीच्या बंदरावर आणून पाहावे. अठ्ठावीस वर्षांचा, सोळा वर्षे शिकलेला अभियंता घेतला, तर शिक्षणाचे १६, वयाचे १०, एका भाषेचे सुमारे ५ आणि कौशल्याचे समजा ९, अशी त्याची बेरीज मुलाखतीपूर्वीच ४० होते. त्याच वयाचा, चौथीपर्यंत मराठी शाळेत गेलेला तांडेल घेतला, तर शिक्षणाचे ४ आणि वयाचे १०. भाषेपोटी काही नाही. वारा, भरती-ओहोटी, खाडीच्या तोंडाशी सरकत राहणारा वाळूचा दांडा यांचे त्याचे ज्ञान ‘कौशल्य’ या रकान्यात यावयास हवे, परंतु त्या रकान्याचे गुण व्यवसायाच्या वर्गीकृत यादीवरून आणि प्रशिक्षणाच्या कालावधीवरून ठरत. बापाच्या मचव्यावर काढलेल्या वीस हंगामांना प्रशिक्षणाचा कालावधी कोण म्हणणार? म्हणजे रांग सर्वांसाठी एकच झाली, तरी मोजपट्टी शाळेतच तयार झालेली होती. नातलगांसाठीची वेगळी वाट त्या कोष्टकात होती, हे खरे. परंतु तिच्यासाठी आधी कोणीतरी तेथे पोहोचलेला असावा लागे.

आखाताची वाट

१९७३ च्या तेल-दरवाढीनंतर कोकणातील माणूस मोठ्या संख्येने आखाताकडे वळला, तो या पार्श्वभूमीवर. दापोली, मंडणगड, खेड, चिपळूण या तालुक्यांतील गावांतून कुवेत, सौदी अरेबिया, दुबई येथे जाणे ही मुंबईला जाण्याइतकीच सवयीची बाब झाली. तेथे गुणपत्रिका नव्हती. होता तो ‘कफील’, म्हणजे पुरस्कर्ता मालक. सुतार, वायरमन, चालक, स्वयंपाकी, बोटीवरचा खलाशी यांच्या कसबाची पारख हातात हत्यार देऊन होत असे. त्या अर्थाने आखाताची बाजारपेठ कोकणी कसबाला कॅनडापेक्षा अधिक न्याय देणारी होती. मात्र तिने एक गोष्ट कधीच देऊ केली नाही, ती म्हणजे राहण्याचा हक्क. करार संपला, की परत. गुणांकनाने थोड्यांना निवडले आणि नागरिकत्वाच्या मार्गावर नेले. कफील पद्धतीने पुष्कळांना घेतले आणि कोणालाच ठेवून घेतले नाही. कोकणातील गावांत जी नवी पक्की घरे उठली, त्यांत या परतीच्या निश्चितीचा वाटा मोठा आहे. ज्याला परत यावयाचेच आहे तो गावी घर बांधतो. टोरोंटोतील अभियंत्याने घर टोरोंटोत घेतले.

भारत सरकारची स्वतःची मोजपट्टीही पाहण्यासारखी आहे. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार, ठरावीक शिक्षण नसलेल्या माणसाला आखातासह काही विशिष्ट देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी घ्यावी लागते. पुढे ही शिक्षणाची रेषा दहावीवर आली. हेतू संरक्षणाचा, आणि तो रास्तच. तथापि पारपत्रावरील त्या शिक्क्याने नागरिकांचे दोन वर्ग पडले. जानेवारी २०१८ मध्ये अशा नागरिकांना नारिंगी रंगाचे पारपत्र देण्याची घोषणा झाली. हा भेद आता दुरूनही दिसेल अशी टीका झाली, आणि त्याच महिन्यात ती मागे घेण्यात आली. परदेशाने गुणांकन करण्याआधी मायदेशानेच ते केलेले असते, हे यावरून दिसते.

सरकती मर्यादा

ज्यांच्या बाजूने ही पद्धती होती त्यांनाही तिने स्थैर्य दिले असे नाही. २००२ च्या कायद्याने कॅनडाने उत्तीर्णतेची मर्यादा १०० पैकी ७५ ठेवली. अर्जदार पुरेसे मिळेनात, तेव्हा सप्टेंबर २००३ मध्ये ती ६७ वर आणली. मग अर्ज साचले. अखेर २०१२ मध्ये, २७ फेब्रुवारी २००८ पूर्वीचे प्रलंबित अर्ज कायद्यानेच रद्द करून शुल्क परत देण्यात आले. त्यात सुमारे २ लाख ८० हजार माणसांचे भवितव्य अडकले होते. पुरेसे गुण असलेल्यांनीही वर्षानुवर्षे वाट पाहिली आणि हाती आले ते शुल्क. २०१५ पासून तेथे उत्तीर्णतेऐवजी क्रमवारी आली. १२०० पैकी किती गुण पुरतील, हे आता प्रत्येक फेरीत ठरते. नोकरीच्या प्रस्तावाला प्रारंभी ६०० गुण होते, नोव्हेंबर २०१६ मध्ये ते २०० किंवा ५० झाले, आणि मार्च २०२५ मध्ये शून्य. ब्रिटनने २००२ मध्ये उच्चकुशलांसाठी गुणांकन आणले आणि २००६ मध्ये निकष बदलून ते आधी आलेल्यांनाही लावले. त्यांत भारतीय पुष्कळ होते. त्यांनी न्यायालयात दाद मागितली आणि एप्रिल २००८ मध्ये हा बदल अवैध ठरला. शंभर वर्षांपूर्वी केपटाऊनचा परवाना घेऊन गावी आलेल्या माणसाची मुदत सरत असे. येथे माणूस जागच्या जागी राहिला आणि मर्यादाच सरकली.

जर्मनीने १ जून २०२४ पासून ‘संधिपत्र’ देण्यास आरंभ केला आहे. त्यासाठी पदवी किंवा मायदेशी मान्यता असलेले किमान दोन वर्षांचे व्यावसायिक प्रशिक्षण, जर्मन वा इंग्रजीचे विहित ज्ञान आणि निर्वाहापुरता पैसा या प्राथमिक अटी आहेत. त्यावर किमान ६ गुण मिळवावे लागतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, आणि त्याच्या जोडीने जर्मन भाषेच्या वर्गांची योजना पुढे आली. सौदी अरेबियानेही अलीकडे वायरमन, प्लंबर, वेल्डर यांच्यासाठी भारतातच कसोटी घेऊन प्रमाणपत्र देण्यास प्रारंभ केला आहे. हत्यार हातात देऊन पारख करणारी बाजारपेठही कागदाकडे वळू लागली आहे. अनुभवातून मिळविलेल्या कौशल्याला प्रमाणपत्र देण्याची सोय २०१५ पासून केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत आहे. पण असे प्रमाणपत्र म्हणजे दोन वर्षांचे प्रशिक्षण नव्हे. त्यामुळे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून दोन वर्षांचा वायरमनचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला, जर्मन शिकलेला दापोली तालुक्यातील तरुण या कोष्टकात कोठेतरी बसू शकतो. त्याच गावात तीस वर्षे होड्या बांधणाऱ्या सुताराने अर्ज भरावयास घेतला, तर पहिल्याच रकान्यापाशी त्याला थांबावे लागते.